चिंचेखालची बाई आणि दादाचं देणं

माझ्या थोरल्या भावाचं सगळं कर्ज मी एका कावळ्यासमोर कबूल केलं. पतसंस्थेत किंवा चार शहाण्या माणसांत बसून कबूल केलं असतं, तर काही मुदत, काही सवलत तरी मागता आली असती. कावळ्यापाशी तशी सोय नव्हती.

रक्षाविसर्जनाची सकाळ होती. पंचगंगेच्या काठाला आम्ही सगळे उभे होतो. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली, की गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान मांडतात आणि लांब उभं राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला, की त्याचं मागं काही अडकलेलं नाही असं समजून घरी जायचं. नाही शिवला, तर काय राहिलं असेल ते आठवून एकेकानं मोठ्यांदा शब्द द्यायचा. दादाच्या पानावर मिसळ होती, जिलेबी होती, कपात चहा होता आणि कपाशेजारी तंबाखूची पुडी. कावळे समोरच्या झाडावर रांगेनं बसले होते. लग्नाला यावं तर लागलं, पण जेवायचं नाही असं घरूनच ठरवून आलेल्या पाहुण्यांसारखे.

मामा पुढे झाले. "तुझ्या भावाकडं आम्ही बघतो," ते म्हणाले. भाऊ म्हणजे मी. पन्नाशी ओलांडलेला, कॉलेजच्या ग्रंथालयात पगारी नोकरी असलेला. कावळ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. दादा फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाची पॅटर्न बनवायचा, तिथला एक जण म्हणाला, "तुझ्या हत्यारांना कुणाला हात लावू देणार न्हाय." तेही चाललं नाही. मग पेठेतला एक जण पुढे येऊन म्हणाला, "यंदा फुटबॉलची फायनल आपलाच संघ मारतोय, बिनघोर जा." यावर दोन कावळे उडून गेले.

ऊन चढत होतं. मामांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कुणाचं देणंबिणं राहिलंय काय रं?"

मी मोठ्यांदा बोलणारा माणूस नाही. आवाज दादाकडे आणि पुस्तकं माझ्याकडे, अशी आमची वाटणी लहानपणीच झाली होती. पण तीन दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी करता येण्यासारखं दिसत होतं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "दादा, तुझं सगळं देणं मी फेडीन."

वाक्य पुरं होतंय तोवर एक कावळा खाली आला, त्यानं जिलेबी उचलली, चहा सांडला आणि तो गेला. लोकांनी "हां" केलं आणि चपला शोधायला लागले.

कावळा का आला याची शास्त्रीय कारणं मला देता येतील. झाडाखाली झाडणारा माणूस तेवढ्यात पलीकडे गेला होता, हे त्यातलं एक. पण ती कारणं तिथं कुणालाच नको होती, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "'सगळं' कशाला म्हणायचं? 'जमंल तसं' म्हणला असता तरी आला असता की त्यो."

तिचं बरोबर होतं. माझा शब्द काठावरच्या सगळ्यांनी ऐकला होता आणि कोल्हापुरात ऐकलेली गोष्ट रिकाम्या हातानं फिरत नाही. पुढच्या आठवड्यापासून माणसं यायला लागली. चहाच्या गाड्यावरचा आला. एक शिंपी आला. त्यानं म्हणे दादाला सफारी शिवून दिला होता. दादाच्या अंगावर सफारी आम्ही कधी पाहिला नव्हता. एकाची छत्री दादाकडे राहिली होती. बायकोनं दारातच विचारलं, "काय रंगाची?" तो म्हणाला, "काळी." ती म्हणाली, "छत्र्या काळ्याच असत्यात. दांडा कसला हुता ते सांगा." तो दांडा आठवतो म्हणून गेला तो परत आला नाही.

दादाचं लग्न झालेलं नव्हतं. तो आमच्याबरोबरच राहायचा. एका हातानं उसने घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी पोरीच्या फीला द्यायचे, असा त्याचा व्यवहार. त्यामुळं तो गेल्यावर त्याचं देणं सगळ्यांना आठवलं. त्याच्याकडून नेलेलं कुणालाच आठवलं नाही. त्याच्या फंडाचे पैसे दवाखान्यात आणि पतसंस्थेत गेले. बारीकसारीक देणी मी भागवली. राहिलं ते एकच, पण ते सगळ्यात मोठं होतं, आणि त्या देण्याचा धनी काही आमच्या दारात येत नव्हता.

दवाखान्यात दादानंच मला सांगितलं होतं, "पैलवानाचं दीड लाख हाईत. बाकीचं बोंबलतील. त्यो बोलायचा न्हाय. त्येचं आधी बघ."

पैलवान म्हणजे दादाचा तालमीतला दोस्त. कुस्ती सुटून जमाना झाला, पण मोडलेले कान आणि नाव तेवढं राहिलं. आता ते संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी घेऊन बसतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतात. मी गेलो तेव्हा ते एका म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसले होते.

"पैलवान, दादाच्या पैशांचं बोलायचं होतं," मी म्हणालो.

"आधी दूध प्या, सर."

"नको, मी आत्ताच..."

"उपाशी माणसाबरं मी पैशाचं बोलत न्हाय."

मी तो मोठा ग्लास संपवला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मिशी पुसा. हां, आता बोला."

"वर्षश्राद्धाच्या आत सगळे देतो. महिन्याला हप्ता बांधून."

"मी मागिटल्यात?"

"तसं नाही. पण कावळ्याला शब्द दिलाय."

पैलवान त्या सकाळी काठावर होतेच. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "त्ये बी खरं हाय," ते म्हणाले. "हप्ता घ्यायला मी घरी येतो. सव्वासातला."

"तुम्ही कशाला त्रास घेता? मी इथंच आणून देत जाईन."

"म्हशीसमोर पैसं घ्यायचं न्हाईत, सर. दूध आटतंय."

कॉलेजात म्हशींवर पुस्तकं आहेत, पण त्यांत हा मुद्दा नाही.

सव्वासातचं गूढ पहिल्या हप्त्यालाच उलगडलं. साडेसातला दादाची मालिका लागायची.

त्यासाठी आधी टीव्हीबद्दल सांगायला हवं. दादानं तो फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला घेतला होता. आमच्या पुढच्या खोलीच्या मानानं तो टीव्ही म्हणजे न्हाणीघरात म्हैस बांधल्यासारखा. तो आत आणण्यासाठी माझं पुस्तकांचं कपाट स्वयंपाकघराच्या वाटेवर गेलं आणि शब्दकोश तांदळाच्या डब्याशेजारी जाऊन बसले. वर्ल्ड कप महिन्यात संपला. टीव्ही एवढा मोठा, तर त्यावर काहीतरी मोठं बघायला हवं म्हणून दादा भुतांकडे वळला.

मालिकेचं नाव काही वेगळंच होतं. आमच्या घरात तिला "चिंचेखालची" म्हणायचे. गावाच्या वेशीवर एक चिंच आणि चिंचेखाली एक मेलेली बाई. हिरवं लुगडं, ओले केस. ती कुणाला धरत नाही, ओरडत नाही, बोलत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर फक्त एक हात पुढे करते. मूठ मिटलेली. समोरचा माणूस पळतो, पडतो, कधी वेडा होतो. मुठीत काय आहे ते कुणालाच कळलेलं नाही. बघणाऱ्यांना तर नाहीच. दादा गेला तेव्हा मालिकेला सहा महिने झाले होते, आणि ती मूठ मिटलेलीच होती.

दादा असताना मी त्या वेळी आत बसून वाचायचो. आतूनही ऐकू यायचं, मालिका नव्हे, दादा. जाहिराती लागल्या की तो पुढं काय होणार ते सगळ्या गल्लीला सांगायचा.

तर पैलवान आले. बायकोनं दादाचा फोटो टीव्हीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावला होता. मी विचारलं होतं, देवघराशेजारी का नको? ती म्हणाली, "दुसरीकडं लावला तर मान वळवून बघत बसतील. मान दुखायची त्यांची." पैलवानांनी फोटोला हात जोडले, खुर्ची ओढून फोटोच्या खाली बसले आणि म्हणाले, "वहिनी, आवाज जरा वाढवा."

मी पाकीट पुढं केलं. "पैलवान, हप्ता."

"जाहिरातीत, सर. जाहिरातीत."

चिंचेखालची पडद्यावर आली तेव्हा मला कळलं, की एवढा मोठा माणूस भुताला भितो. नुसता भीत नव्हता. त्यांनी आमचा स्टीलचा तांब्या दोन्ही हातांत धरला होता आणि तांब्यातलं पाणी हलत होतं. मूठ पुढं आली की ते डोळे मिटायचे आणि बायकोला विचारायचे, "उघडली का?"

"न्हाय अजून."

"आता?"

"उघडली की सांगतो की. तुम्ही तांब्या सोडा, चेपला त्यो."

"भीती वाटते तर बघता कशाला?" मी विचारलं.

"बघाय लागतंय, सर," एवढंच ते म्हणाले. घरच्या टीव्हीवर सुनांचा ताबा आहे, असं त्यांनी नंतर जोडलं. मला ते पुरेसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. "महिन्याचा हप्ता लई मोठा पडतोय तुमाला," ते म्हणाले. "आठवड्याला थोडं थोडं द्या. हलकं जाईल." मला ते खरोखर हलकं गेलं. मग एकदा ते मधल्या वारी आले आणि म्हणाले, मागच्या वेळी नोटा मोजायच्या राहिल्या होत्या. एकदा पाचशेची एक नोट बदलून घ्यायला आले. तिला काही झालेलं नव्हतं. कुठलंच निमित्त नसलं की दूध आणायचे. म्हशीचा वास, धुपाचा वास आणि चिंचेखालची, असा आमचा साडेसातचा कार्यक्रम ठरून गेला.

पैसे उभे करायला मी शाहूपुरीतल्या एका छापखान्याची प्रुफं तपासायला घेतली. लग्नपत्रिका, गणपतीच्या स्मरणिका, श्रद्धांजलीची पत्रकं. श्रद्धांजलीचा मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो, नुसता फोटो बदलतो. तो तपासताना मला सुरुवातीला त्रास व्हायचा, नंतर फक्त वेलांट्या दिसायला लागल्या. नवीन पुस्तक वर्षभर घेतलं नाही. बायकोनं टीव्हीचे बाकीचे सगळे चॅनेल बंद करून फक्त चिंचेखालचीचा ठेवला. मी म्हणालो, "तोही काढून टाकला तर अजून थोडे वाचतील." ती म्हणाली, "आणि पैलवान काय भिंतीकडं बघत बसतील? ते दादांचं दोस्त हाईत."

कधी कळलं नाही, पण मीही पुस्तक मिटून पुढच्या खोलीत बसायला लागलो. आधी दारात उभा राहून, मग पाटावर, मग दादाच्या जागेवर. दुपारी ग्रंथालयात काम करताना मूठ डोळ्यांसमोर यायची. लोकसमजुतींवरची जाड पुस्तकं काढून मी मुठीचा उल्लेख शोधला. मंतरलेली मूठ, नवसाची मूठ, पेरणीची मूठ. संध्याकाळी ते दोघांना सांगितलं.

पैलवानांनी आदरानं ऐकून घेतलं. "पुस्तकात असतं तर शिरियल कशाला काढली असती, सर?"

"तुम्हाला काय वाटतं मग?"

"मला वाटतंय, मूठ मारायला आलीया ती. करणी हाय. उघडली की समोरचा खलास." मग फोटोकडं बघून हळूच म्हणाले, "ह्येचं म्हणणं येगळं हुतं."

"काय होतं?"

"जाहिरात संपली," ते म्हणाले.

त्या जाहिरातींबद्दल एक सांगायला हवं. सुरुवातीचे कितीतरी महिने जाहिरात लागली, की आम्ही तिघंही गप्प व्हायचो. ठरवून नव्हे. पुढं काय होणार ते सांगण्याची ती दादाची वेळ होती आणि आम्ही त्याला बोलायला जागा देत होतो. साबणाची जाहिरात जायची, गुळगुळीत फरशीची जायची. कुणी काही बोलायचं नाही. मग बायको चहा ठेवायला उठायची. दादा गेल्यावर घर फार शांत झालंय असं मला भेटायला येणारे म्हणायचे, आणि मला शांतता आवडते हे सगळ्यांना माहीत होतं. ही शांतता तसली नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा शेवटचा एक हप्ता राहिला होता. तो मी आठवडाभर आधीच पाकिटात घालून शब्दकोशात ठेवला होता. आणि त्याच आठवड्यात बातमी आली, की चिंचेखालची बंद होणार. बायकोला शेजारणीनं सांगितलं. तिच्या जागी सासू-सुनेचं काहीतरी येणार होतं.

"बंद म्हंजे?" पैलवान ताडकन उभे राहिले. "मूठ उघडल्याबिगर?"

"शेवटच्या भागात उघडतील की," बायको म्हणाली.

शेवटच्या भागाला पैलवान धुतलेले कपडे घालून आले. दादाच्या फोटोला त्यांनी हार आणला होता. आम्ही तिघं बसलो. पडद्यावर सगळं गाव चिंचेखाली जमलं. आधी कधीच न दिसलेला एक बाबा अंगारा घेऊन आला. ज्यांची दीड वर्ष भांडणं चालली होती त्यांचं दोन मिनिटांत जमलं. चिंचेखालची पुढं आली, तिनं हात पुढं केला. पैलवानांनी पहिल्यांदाच डोळे मिटले नाहीत. बाबानं अंगारा फुंकला, धूर झाला, धूर विरला. चिंचेखाली कुणी नव्हतं. मूठ मिटलेलीच गेली. मग "सर्व प्रेक्षकांचे मनापासून आभार" अशी पाटी आली.

मग पैलवान म्हणाले, "ह्येला काय अर्थ हाय?"

मी शब्दकोशातून पाकीट काढून आणलं. "पैलवान, हा शेवटचा हप्ता. तुमचं फिटलं."

त्यांनी हात मागं घेतले. "घेता येत न्हाय, सर."

"का?"

"निकालच लागला न्हाय."

मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं. दादा दवाखान्यात असताना ते रोज त्याच्या उशाशी बसून मोबाईलवर चिंचेखालची बघायचे. तिथं दोघांनी पैज लावली होती. दादाचं म्हणणं, ती बाई द्यायला उभी आहे. तिच्याकडं कुणाचं तरी राहिलंय, पण कुणी घेतच नाही, बघितलं की पळतात. मागणाऱ्याचा हात उघडा असतो, तो म्हणायचा, मिटलेल्या मुठीत द्यायचं असतं. पैलवानांचं म्हणणं, करणी. दादाचं खरं निघालं तर दीड लाख माफ. पैलवानांचं खरं निघालं तर टीव्ही त्यांचा.

"हातात हात घेऊन लावलीया पैज," पैलवान म्हणाले. "म्हणला, मी नसलो तर तू बघ आणि मला येऊन सांग. म्हणून येत हुतो. न्हायतर असल्या बाईकडं कोण बघतंय?"

"मग इतके दिवस माझ्याकडून हप्ते का घेतले?" मी विचारलं.

"तुमी कावळ्याला शब्द दिल्याला. त्येच्यात मी कसा आडवा येऊ? म्हटलं, घिऊन ठेवू. त्यो जिंकला तर परत देऊ." ते ओशाळले होते. "आजारी माणसाबरं पैज लावली म्हणून तोंड उघडलं न्हाय मी."

बायको पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. "मग आता?"

"आता कुस्ती बरोबरीत सुटली, वहिनी. बरोबरीत सुटली की इनाम निम्मं-निम्मं. तालमीचा नियम हाय." ते उठले, पाकिटाकडं न बघता दारात गेले. "निम्मं पैसं परत आणून देतो."

"मी घेणार नाही," मी म्हणालो. बहुधा मी ओरडलो, कारण दोघांनीही वळून बघितलं. "मी सगळं फेडीन म्हणालो होतो. निम्मं नाही."

दुसऱ्या दिवशी बरोबर सव्वासातला दार वाजलं. बायकोनं उघडलं. पैलवान कट्ट्यावरून थेट आले होते, आणि निघताना डोक्यावर बादलीभर पाणी ओतून घेतलं असावं, कारण केस ओले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात पुढं केला. रुमालात बांधलेल्या नोटा होत्या. दुसऱ्या कुणाच्या मुठीत त्या मावल्या नसत्या, त्यांच्या मुठीत पूर्ण झाकल्या गेल्या होत्या.

बायको आत वळून म्हणाली, "अहो, चिंचेखालची आलीया."

मी आलो, ती मूठ बघितली आणि सरळ स्वयंपाकघरात पळालो. म्हणजे चिंचेखालचीसमोरचे गावकरी दीड वर्ष जे करत होते तेच मी केलं. पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून मी उभा होतो आणि बाहेरून पैलवानांचा आवाज येत होता, "सर, घ्या की वो. हात दुखाय लागला." मला हसू यायला लागलं. मग ते हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा ते हसू राहिलं नव्हतं. वर्षभरात मी पहिल्यांदा रडलो ते तांदळाच्या डब्यावर बसून. बायकोनं आत डोकावून बघितलं आणि पैलवानांना सांगितलं, "आज ऱ्हाऊ दे. सर कामात हाईत."

शेवटी पैलवानांनीच तोड काढली. "कावळ्यापुढं ठरलंय, कावळ्यालाच इचारू."

वर्षश्राद्धाच्या दिवशी बायकोनं खीर, वडे, भाजी आणि दादासाठी वेगळी मिसळ असं पान वाढलं. आम्ही गच्चीवर गेलो. मी एका बाजूला शेवटच्या हप्त्याचं पाकीट घेऊन, पैलवान दुसऱ्या बाजूला मूठ घेऊन. पैलवानांनी बोलायचं पाठ करून आणलं होतं; त्यांचे ओठ हलत होते. मीही मनाशी एक वाक्य जुळवलं होतं, त्यात क्रियापद कुठं ठेवावं याचा विचार करत होतो. बायकोनं पान खाली ठेवलं आणि ती सरळ व्हायच्या आत कावळा आला. वडा उचलला, कठड्यावर बसून खाल्ला, दुसरा घ्यायला परत आला.

"अरं, मी अजून बोललोच न्हाय," पैलवान म्हणाले.

मीही बोललो नव्हतो.

"आता ह्यो कुणाच्या बाजूनं आला म्हणायचा?"

"वड्याच्या," बायको म्हणाली. "वर्षभर रोज सकाळी ह्याला चपाती घालतोय मी. न यायला काय झालं?" तिनं माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि पैलवानांच्या खिशात कोंबलं. "दादांचं देणं फिटलं. सगळं. शब्द पुरा झाला." मग ती पैलवानांकडं वळली. "आता हे तुमचं. बरोबरीतलं निम्मं तुम्ही देणं लागता. रोकड घरात नको, ह्यांची पुस्तकं हुत्यात त्येची. दूध घाला. रोज एक लिटर."

"अगं, पण याचा अर्थ..." मी म्हणालो.

"तुम्ही मधी पडू नका. हे पैलवानांचं देणं हाय. त्यांनी फेडायचं का न्हाय, त्ये बघतील."

पैलवानांनी मनातल्या मनात लिटर मोजले. "ह्येला दोन-तीन वर्सं जातील, वहिनी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आणि टीव्हीचं? निम्मा माझा हाय."

"निम्मा कापून देऊ? या आणि बघा."

तेव्हापासून पैलवान रोज सव्वासातला दुधाचं भांडं घेऊन येतात. साडेसातला सासू-सुनेची मालिका लागते. तिच्यात भूत नाही, पण सासू पडद्यावर आली की पैलवान तांब्या मागतात. दूध चहात जितकं जातं त्यापेक्षा जास्त उरतं. बायको त्याचं विरजण लावते आणि ताकाचा एक तांब्या पैलवानांनाच देते. हे ताक कुणाच्या हिशेबात धरायचं यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही.

परवा जाहिरात लागली. पैलवानांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"सर, तुमी एवढं वाचता. काय असंल वो तिच्या मुठीत?"

"मला वाटतं, दादाचं बरोबर होतं," मी म्हणालो.

पैलवानांनी मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"हळू बोला की. ऐकलं तर सगळंच परत मागंल."